बी. एम. कटरे यांच्या रेकॉर्डी

८ जानेवारी २००६, रविवार

ईश्वरदासच्या रद्दीच्या दुकानात आज एकदम तीन सापडल्या! इंग्रजी मासिकांच्या गठ्ठ्याखाली दबलेल्या. गाण्यांच्या नव्हेत — पार्श्वसंगीताच्या. पडद्यावर काही चाललेलं असताना मागे जे वाजतं आणि ज्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही, ते. अख्ख्या गोंदियात ते विकत घेणारी मी एकटीच असेन. ईश्वरदासने नेहमीप्रमाणे बजावलं, "मॅडम, इसमें गाना एक भी नहीं है. बाद में मत बोलना." म्हटलं, म्हणून तर नेतेय.

तिन्ही कव्हरांच्या मागे एकच सही. बी. एम. कटरे, देवरी. खाली तारीख — १९७८, ७९, ८१. आणि त्याखाली पेन्सिलीने, बारीक सुबक अक्षरात, एकेका पीसबद्दल एकेक ओळ मत!

मतं द्यायची सवय मलाही आहे, पण मी ती या वहीत देते. दुसऱ्याच्या मालावर कशाला?

९ जानेवारी

लोडशेडिंग. ऐकता आल्या नाहीत, नुसत्या पुसल्या. राइस मिलचा कोंडा खाचाखाचांत बसलेला.

११ जानेवारी

'सातवां पहरेदार' दोन्ही बाजू ऐकली. दरोडेखोरांचं चित्र असावं. मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. लहानपणी आमची खोली टॉकीजच्या मागच्या भिंतीला लागून होती. तिकीट काढून जाणं दोन-चारदाच झालं, पण सिनेमे ऐकले मात्र सगळे. त्यामुळे चित्र दिसलं की मला संगीत नीट ऐकूच येत नाही.

पहिली बाजू उत्तम. दुसऱ्या बाजूचा पाठलागाचा पीस फारच चांगला. आणि हे कटरे काय लिहितात? 'व्हायोलिन जास्त. डोंगर दिसत नाही.' अहो, डोंगर दाखवायला कॅमेरा आहे ना! व्हायोलिन पळणाऱ्या माणसाची छाती दाखवतं. त्यांचं मत धरून पुन्हा एकदा ऐकला. माझंच बरोबर.

आईची कुरकुर चालूच. "मेल्या मानसाचं सामान काऊन आनून राहिली वं घरात? त्यात गानं बी नाही, भजन बी नाही!"

मेलेलं माणूस हे मात्र आईने बरोबर ओळखलं. जमवणारा माणूस जिवंतपणी रेकॉर्ड हातची सोडत नाही. तो गेला की महिना-दोन महिन्यांत घरचे खोली रिकामी करतात. माझ्याकडच्या साठ-पासष्ट अशाच आलेल्या आहेत. म्हणून माझ्या यादीत मालकाच्या रकान्यात लिहिलं — कै. बी. एम. कटरे.

२२ जानेवारी, रविवार

आणखी दोन, त्याच सहीच्या. एक तर टाकाऊ. संवादांची निघाली. नट ओरडतो, नटी रडते, मध्ये कुठेतरी दोन मिनिटं सतार. कव्हरावर कटरे : 'फसलो.' चला, एकदा तरी एकमत झालं!

दुसरी 'बर्फ़ की गवाही'. शेवटच्या पीसमध्ये बासरी जराशी खाली उतरते. वादकाची चूक समजून मी नाक मुरडलं होतं. कटरेंनी लिहिलंय, 'बासरीवाला थकलेला आहे. इथे थकलेलाच हवा होता.'

सुई परत सुरुवातीला ठेवली. खरंच की. ती बासरी ताजी असती तर सगळा पीस खोटा झाला असता. पंचवीस वर्षं ऐकतेय, पण मला हे कोणी सांगितलं नव्हतं. असं ऐकणारं माणूस इथून सत्तर किलोमीटरवर राहत होतं आणि मला ते मेल्यावर भेटलं. फार वाईट वाटलं.

२६ जानेवारी

झेंडावंदन. मग एसटीच्या पासच्या खिडकीवर दोनपर्यंत ड्यूटी. स्टँडच्या भोंग्यावर सकाळपासून तीच ती देशभक्तीची कॅसेट. डोकं उठलं.

५ फेब्रुवारी, रविवार

चार! ईश्वरदासने माझ्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्यातली अंतराळाची एक भिकार आहे. नवीन इलेक्ट्रिक ऑर्गन घेतला म्हणून कोणीतरी सगळी बटणं दाबून पाहिलीत. कटरे : 'शेजारी विचारतात, मिक्सर बिघडला का.' एकटीच हसत बसले. आई म्हणे, "येडी झाली पोरगी."

पण घाटातल्या गाडीच्या चित्राची जी आहे, ती माझ्या आजवरच्या पहिल्या दहात. नुसता तबला आणि एक चेलो. नऊ मिनिटं!

ईश्वरदासला विचारलं, या येतात कुठून? "देवरी से एक बाई आती है. थैली में दो-चार लाती है. मैं ज्यादा पूछता नहीं, पूछो तो भाव बढ़ा देती है." विधवा असेल बिचारी.

१९ फेब्रुवारी, रविवार

हे नीट लिहून ठेवायला हवं.

ती बाई आज दुकानातच भेटली. तिशीची, कपाळाला टिकली, हातात कापडी पिशवी. मी मागोमाग बाहेर गेले. विचारलं, कटरे तुमचे कोण? म्हणाली, सासरे. शाळेत चित्रकला शिकवत होते.

"कधी गेले?"

माझ्याकडे बघतच राहिली. "गेले कायले? नागपूरले हाएत नं! खुब्याचं हाड मोडलं. पुढच्या महिन्यात आनून राहिलो घरी."

जिवंत माणसाच्या रेकॉर्डी मी दीड महिना चाटूनपुसून ऐकतेय!

तिचं नाव धनवंता. नवरा भिलाईला नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. गुरुजींना आता जिना चढता येणार नाही. खालची एकच खोली, तीही एवढीशी; पलंगाच्या जागी यांच्या रेकॉर्डींच्या पेट्या. "पलंग कुठी लावू ताई? अन् ते प्लेअर तं आठ वर्सापासून बंद हाए. हात बी लावत नाहीत बाबूजी. गावातल्या भंगारवाल्याले देलं तं साऱ्या गावाले मालूम होते, म्हनून इथवर आनतो." मग माझा हात धरला. "तुमी सांगसान नाही नं?"

आणि मी काय केलं, तेही लिहिते. या वहीत खोटं लिहायचं तर वही कशाला. मी म्हटलं, "ईश्वरदासकडे कशाला नेतेस? सरळ माझ्याकडे घेऊन ये. मी भाव जास्त देईन."

२० फेब्रुवारी

यादीतलं 'कै.' खोडलं. नऊ ठिकाणी.

१२ मार्च, रविवार

धनवंता अकरा घेऊन आली. तांदळाच्या पोत्यात! आईने तिला मुरमुरे-चहा दिला, वर पोळीही वाढली. ती गेल्यावर मी दार लावून जमिनीवर मांडून बसले. आयत्या बिळावर नागोबा.

चांगल्या सहा. बऱ्या तीन. एकीला भेग, एक निव्वळ ढोलताशा.

सहातली एक दोनदा ऐकली, सनई आणि गिटारची. हे लग्न कोणाला सुचलं कोण जाणे, पण टिकलंय. मत वाचायला कव्हर उलटं केलं. १९८३ची ओळ होती. तिच्याखाली दुसरी ओळ, दुसऱ्या पेन्सिलीची, कापऱ्या अक्षरातली. तारीख — ऑगस्ट २००५.

'प्लेअर नाही. आज कव्हर हातात घेऊन बसलो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. गिटारच्या जागी अजूनही काटा येतो.'

बाकीची कव्हरं तपासली. अकरांपैकी सातांवर अशीच दुसरी ओळ.

१३ मार्च

म्हणे हात लावत नाहीत. सुनेला तसं वाटणारच. ती स्वयंपाकघरात असणार, किंवा शेतात.

प्लेअर झाकून ठेवला.

१५ मार्च

धुळवड. बाहेर पडले नाही. कटरेंच्या सोडून माझ्या जुन्यातली एक लावली. मन लागलं नाही.

२ एप्रिल, रविवार

धनवंताचा काल ऑफिसात फोन आला. गुरुजी घरी आलेत. खोली पाहून म्हणाले, हवा छान येते. मग विचारलं, पेट्या कुठं गेल्या? हिने सांगितलं, ओल लागेल म्हणून माळ्यावर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. हिने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून विचारणं बंद.

मी म्हटलं, मी आणून देते.

"नोको ताई! तुमी आल्या तं सारं उघडं पडते. त्याईले उठवतो मी, बसवतो मी, आंघोळ बी मीच घालतो. मंग कोन्या तोंडानं घालू?" फोनवर रडायला लागली. माझ्या खिडकीसमोर पासवाल्यांची ही रांग! नंतर बोलू म्हणून ठेवून दिला.

कोणाचं चुकतंय? तिचं म्हणावं तर ती एकटी सगळं ओढतेय, आणि तिच्या लेखी ते भंगारच होतं. माझ्या लेखी नव्हतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं हे काय आहे ते. मालक जिवंत आहे हे कळल्यावरसुद्धा मी अकरा घेतल्या! परत दिल्या तर तिचं घर मोडेल. ठेवल्या तर मी चोर. आणि खरं सांगायचं तर ठेवायच्या आहेत. या वीस जशा आहेत तशा माझ्याकडे दुसऱ्या नाहीत.

९ एप्रिल, रविवार

आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं समजावेल. तिने भाजी निवडता निवडता निकाल दिला. "ज्याचं त्याले दे, मंग झोप. दुसऱ्याचा माल ठेवून पंचशील म्हनत बसतेस का सकाळी?"

मी म्हटलं, सुनेचं काय?

"सुनेचं नाव घेशील तवा नं! तुह्या तोंडाले कुलूप नाही लावता येत?"

१४ एप्रिल

जयंती. आई पांढरं लुगडं नेसून सकाळपासून तयार. मिरवणुकीत इतका मोठा डीजे की खिडक्यांची तावदानं हलत होती. त्यातही एका पोराने मध्येच साधं सनईचं काहीतरी लावलं आणि नाचणारे जागच्या जागी थांबले. मग पुन्हा धडधड. परत येताना ठरवून टाकलं.

१५ एप्रिल

दोन पिशव्यांत दहा-दहा. मध्ये वर्तमानपत्र. सकाळपासून वीज होती म्हणून तबला-चेलोची तेवढी शेवटची ऐकून घेतली. लहान मुलासारखं रडू आलं, लाज वाटायला हवी या वयात.

बोलायचं ते पाठ केलंय. रद्दीच्या दुकानात मिळाल्या. कोणी विकल्या मला माहीत नाही, दुकानदारालाही नाही. नाव-गाव दिसलं म्हणून आणल्या. धनवंताला मी ओळखत नाही. बस.

प्लेअर दुरुस्तीचंही विचारीन. आमगावचा एक कारागीर ओळखीचा आहे.

१६ एप्रिल, रविवार. परतीच्या बसमध्ये

गुरुजी पलंगावर, भिंतीला टेकून बसलेले. धनवंता पाणी घेऊन आली आणि मला पाहून दारातच थांबली.

पाठ केलेलं सगळं बोलले. एक शब्द चुकला नाही. त्यांनी पहिलं कव्हर उलटं केलं. सही वाचली. खालची ओळ वाचताना ओठ हलले. मग दुसरं, तिसरं. मग मान वर करून दाराकडे पाहिलं. ती मान खाली घालून उभी.

"माझ्या नाहीत या," ते म्हणाले. "देवरीत कटरे पुष्कळ आहेत. तुम्ही परत घेऊन जा बाई. ऐकणाऱ्याकडेच असाव्यात." आणि तिच्याकडे बघून, "बेटी, दुरून आल्यात त्या. चहा ठेव."

तिच्या हातून चहात साखर दोनदा पडली. गुरुजींनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि म्हणाले, छान झाला.