सखूचं झबलं आणि डॉक्टरांचं बोट

जुन्नर, ४ डिसेंबर १९५७
शेजारच्या मेहरूनला मुलगी झाली. दवाखान्यात पाहून आले. सखू आया प्रत्येक बाळाला पहिलं घालते तेच झबलं, तिच्या नातवाचं. नवं कापड नको, जगलेल्या पोराचं जुनं हवं.
"उकळतेस का गं?"
"उकळल्यावर गुण ऱ्हाईल व्हय, मेट्रनबाई?"
निवृत्त व्हायच्या आधी माझ्या वॉर्डात असती तर दाखवला असता गुण.

९ डिसें.
मेहरूनच्या छातीत गळू, हुडहुडी भरून ताप. डॉ. पेनिसिलीन टोचतात. गेल्या महिन्यात आळे गावची बाळंतीण अशीच गेली. तिलाही पेनिसिलीनच.

१२ डिसें.
पुण्याहून मेहरूनच्या रक्ताचा रिपोर्ट. जंतू रक्तात, पेनिसिलीनला दाद देत नाहीत. नवं औषध मागवलंय, येईल तेव्हा.
दोघीही ह्याच दवाखान्यातल्या का? डॉ. म्हणे, "हवा, बाई." हवा! आमच्या कॉन्व्हेंटच्या नन्सनी बाकावर उभं केलं असतं.
झबलं उचलून घरी आणलं, उकळलं. सखू रडत मागे आली. "माज्या नातवाचं हाय वो."

१८ डिसें.
घोडेगावची बाळंतीण. झबलं माझ्या दोरीवर असताना बाळंत झाली. तरी तेच गळू, तीच हुडहुडी. म्हणजे झबलं नव्हे. सखूला उगीच रडवलं.
डॉ. तिला तपासत होते. उजव्या बोटाला मळकी पट्टी.
"नखुर्डं. दिवाळीपासून आहे. किरकोळ."
"आणि हातमोजे?"
"फाटलेत."
म्हटलं, ह्यातला पू पुण्याला पाठवा. हसले. "बाई, आता नातवंडं खेळवा."
मला नातवंडं नाहीत. लग्नच…

२० डिसें.
मेहरून पहाटे गेली. औषध दुपारच्या एस.टी.ने आलं. घोडेगावच्या बाईला सुरू केलं.

२१ डिसें.
मेहरूनची आई दारात, बाळ कडेवर. "बाई, माज्या पोरीनं हिला त्याच झबल्यात पाह्यलं. मला द्याल?" माझं थोडंच होतं. सखूला विचारलं. तिने दोरीवरून काढलं, घडी घातली, स्वतः नेऊन दिलं.

२२ डिसें.
बोटातला पू घ्यायला काचेची नळी घेऊन दवाखान्यात गेले. पट्टी नवी, पांढरी. हात उघडेच. नळी पुढे धरली. डॉ.नी हात मागे घेतला नाही, पुढेही केला नाही.
आतून सखू ओरडली, "डॉक्टरसायेब, डोकं दिसाया लागलंय, या की!"
मी दार अडवून उभी. हलले नाही.