सुनेच्या हातातले फवारणीचे कपडे

कोराडी, जि. नागपूर
श्रावणी सोमवार, १९७८

सकाळी पूजा आटोपून अंगणात आलो, तर आमची गरोदर सून मुलाचे फवारणीचे कपडे धूत बसलेली. औषधाचा तो उग्र वास! परवाच नर्सबाई म्हणाल्या होत्या, बाळात व्यंग येईलच असं नाही, पण या विषापासून नवरा-बायको दोघांनीही लांब राहावं. दोघांनीही? मग फवारणार कोण? पूजेच्या उदबत्तीतही मला तोच वास येत राहिला.

दुपारी मुलाला म्हटलं, "पंप मले दे. माही लेकरं झाली, तुह्यं अजून यायचं हाय."

माझी बायको हसत म्हणाली, "अन् कपडे कोन धुईन? जन्मात रुमाल तरी पिळला का तुमी?"

देवाचं नाव घेऊन संत्र्याची बाग मीच फवारली, आणि विहिरीपासून लांब, बांधावर बसून कपडेही धुतले.