मिस कॉल देणारा कूलर आणि जावयाचा मान

बंगळुरू

कडूबामामा,

तर सातवी नापास पोरानं कायद्याचं बोलू नये, हे तुमचं म्हणणं मान्य. पण पाया पडायला पास व्हावं लागत नाय, म्हणून आधी साष्टांग नमस्कार. मामीचा गुडघा कसा आहे? बिडकीनला ऊन किती? (ठाऊक आहे, रीत म्हणून विचारतो.) तुम्ही फोन उचलत नाय, म्हणून हे पत्र.

मामा, पेटंटचा अर्ज म्हणजे लग्नपत्रिका नाय. तुमच्या मोनिकानं फॉर्मचा फोटो पाठवला तेव्हा मी वकीलसाहेबांची गाडी घेऊन सिग्नलला उभा होतो. वाचता वाचता सिग्नल हिरवा होऊन परत लाल झाला अन् मागच्यांनी कन्नडमध्ये माझा उद्धार केला. 'शोध कुणी लावला' या रकान्यात पहिले होणारे जावई सुदर्शनराव. ठीक, जावयाचा मान. खाली व्याही सर्जेराव. मग कै. धोंडिबा आजोबा (ते गेले तेव्हा आपल्या घरात पंखा पण नव्हता). शेवटी 'समस्त मित्रमंडळ, बिडकीन'. पाणी संपत आलं की घरच्यांना मिस कॉल देणारा कूलर या सगळ्यांनी मिळून केला, व्हय? तुम्ही दुपारी घोरत होतात अन् मोटर कोरडी फिरून परत जळाली, तेव्हा मामीचा जुना मोबाईल खोलून टाकीला कुणी बसवला? मोनिकानं. तिचंच नाव नाय, ते मला लई लागलं.

साहेब मागच्या सीटवर दिवसभर हेच बोलतात, म्हणून सांगतो. आधी कच्चा अर्ज, मगच वस्तू चारचौघांत; आधी दाखवली तर पेटंट हुकतं. म्हणजे साखरपुड्याच्या मांडवात टाकी उघडून दाखवायचा तुमचा बेत अर्ज जाईपर्यंत थांबवा. पक्का अर्ज वर्षाच्या आत. पुढं मोनिकानं नळ आपोआप सुरू व्हायची सोय केली, तर त्याचा अर्ज वेगळा. मग दरसाल फी, कूलर खपतोय तोवर. खपेनासा झाला की फी बंद. पण नाव खोटं असलं, तर उद्या गुलमंडीच्या बाजारातला कुणी तसाच कूलर काढून कोर्टात विचारील, सुदर्शनराव, ही वायर कुठं जाते? मग पेटंट बी जाईल अन् मान बी.

पोरगी परक्या घरी जाणार, तिचं नाव कशाला, असं तुम्ही मामीला म्हणालात म्हणे. मामा, कूलर पण परक्याच घरी जाणार. विकायलाच केलाय ना?

तुमचा भाचा,
शिवम

ता.क. सुदर्शनरावांना मीच फोन लावला. म्हणाले, "मला बल्ब बदलता येत नाय, माझं नाव आधी काढा." मानाची काळजी मिटली.

आणखी एक. खरं सांगू? फोटो आल्यावर मी आधी माझंच नाव शोधलं. मित्रमंडळ सापडलं, भाचा नाय. ते राहू द्या. नव्या फॉर्मवर एकटी मोनिका लिहा. सरकारी फी तिच्याच फोनवर पाठवतोय (तुमच्याकडं आली तर मांडवाला लागंल): रुपये सोळाशे फक्त.