किल्टवर चेक्सचा शर्ट नको

तनय,

गाढ झोपला होतास, उठवावंसं वाटेना. माझी शिफ्ट आहे, निघते.

तुझा तो स्कॉटिश घागरा, म्हणजे किल्ट, ओलं फडकं ठेवून इस्त्री केलाय आणि दाराला टांगलाय. चुण्या अगदी नऊवारीच्या निऱ्यांसारख्या बसल्यात, बसताना मोडू नकोस. मित्राच्या बाल्कनीत ग्रिलपार्टीच आहे ना, मग तो चांदीच्या बटणांचा कोट राहू दे. बाबांना विचारू नकोस, ते टाय काढून देतील. आणि चेक्सचा शर्ट मुळीच नको. खाली चेक्स, वर चेक्स, टेबलक्लॉथ दिसशील! तुझ्या कपाटात साधा निळा टीशर्ट आहे, तो घाल. तू एडिंबराला गेल्यापासून कपाट तसंच ठेवलंय. पायात तपकिरी बूट आणि लोकरीचे मोजे, घोट्यापर्यंत खाली सारलेले.

किल्ट घेतलास तेव्हा व्हिडिओ कॉलवर मला दाखवायला उभा राहिलास, तर तुझं डोकंच दिसेना. बसलास, तर किल्ट गेला. दोन वर्षं मी तुला असा अर्धाच बघतेय.

चारला सुटते, घरी यायला लगेचची एस-बान लोकल पकडते. मित्रांना सांग, यायला थोडा उशीर होईल म्हणून. फोटो पाठवू नकोस. मी येईपर्यंत थांब.

आई