पळणाऱ्या नातवासाठी घर

मी, रुक्मा रामधन राठोड, वय एकाहत्तर, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार नेर, माझ्या मागे कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. अक्षराला वळण कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलं, जीभ माझी स्वतःची. गोंधळ आहे तो नातवंडांच्या आजाराचा, आणि तो मी केलेला नाही.

१. राहतं घर नात समीक्षा हिला. ती नऊ वर्षांची आहे. मेंदूतल्या नसांवरचं वेष्टण झिजत जातं, असा तिचा आजार. दोरीवरच्या उड्या मारणारी पोर आता पाणी पितानाही ठसकते.

२. कलम एक रद्द. नागपूरचे डॉक्टर म्हणतात, समीक्षाच्या उपचाराची वेळ निघून गेली. झटक्यांची औषधं, व्यायाम, मऊ अन्न, एवढंच. पण तपासणीत तोच आजार तिचा पाच वर्षांचा भाऊ पियुष याच्यात निघाला. त्याला लक्षण एकही नाही, म्हणूनच दुसऱ्याची अस्थिमज्जा देऊन आजार थोपवता येईल. कदाचित. त्यातच तो दगावूही शकतो. म्हणजे पडलेल्या मुलीला उपचार नाही आणि पळणाऱ्या मुलाला खाटेवर निजवायचं! दुसरे डॉक्टर म्हणाले, थांबून बघा. काय बघायचं? पडतो का ते?

३. दीर देवसिंग यांना काहीही नाही. "भाबी, पोरगं धडधाकट हाय, त्याले कायले दवाखान्यात नेता?" असं ते माझा मुलगा शाम आणि सून यांच्यासमोर बोलले. सून संगीता म्हणाली, "आई, समीक्षाच्या वेळेस आपल्याले कोणी विचारलंच नाही. आता विचारून राह्यले, तं हो म्हणू."

४. म्हणून घर पियुषला. वकील वामनराव म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या मागं लागू होते." पियुषला तेवढी उसंत नाही आणि मला मरायची घाई नाही. त्याच्या उपचारासाठी घर जिवंतपणीच विकते. कलम चार रद्द.

५. उरली बँकेतली ठेव. ती समीक्षाची: सेवेला बाई, चाकाची खुर्ची, जे लागेल ते. उपचार नाही म्हणजे तिला काहीच नको, असं कुणी समजू नये.

६. समीक्षा माझ्याआधी गेली तर ठेव कुणाला, हे लिहावंच लागतं म्हणे. लिहिलं: पियुषला. त्यापुढचा प्रश्न विचारायला वामनरावांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "सही कुठं करू?"

सही: रुक्मा रामधन राठोड
साक्षीदार: शकुबाई ढोके, शेजारीण; धावजी चव्हाण, निवृत्त मुख्याध्यापक
नेर, जि. यवतमाळ
१४ जुलै २०२५