पोचलं म्हणून कोण सांगतं?

मुंबई, १८ जानेवारी १९७९

प्रिय सर्जा,

दिवाळीनंतर तू आणलेला आंबेमोहोर परवा संपला. शेवटचा भात डब्यात नेला, तर वासानं निम्मं ऑफिस गोळा झालं. फुलाकाकींना सांग, त्यांच्या तांदळाचं मुंबईत नाव झालंय. त्यांचा गुडघा कसा आहे? तारखात्यात लागण्यासाठी तू ताटावर चमच्यानं कट्ट-कडकट्ट सराव करायचास आणि काकी ओरडायच्या, "आदी भाकर खा, मग तार कर!" डबा खाताना ते आठवून एकटाच हसलो.

तू आलास तेव्हा माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, काम नीट समजावलंच नाही. आमचा मोठा संगणक दुसऱ्या इमारतीत आहे. त्याला जोडायचे खास पडदे, म्हणजे टर्मिनल, परदेशातून येतात आणि मोजकेच मिळतात. म्हणून आमच्या छोट्या संगणकाच्या पडद्याला हुबेहूब त्या टर्मिनलसारखं वागायला लावणारा प्रोग्रॅम मी लिहिला. वर्ष गेलं त्यात. अंबूबाई त्या पडद्यावर धरणांच्या पाण्याचे आकडे भरतात. पान भरलं की बटण दाबायचं, पान मोठ्या संगणकाकडे जातं, पडदा कोरा होतो. पण मधूनच एखादं पान तिकडे पोचायचंच नाही. बाई म्हणायच्या, "मी भरलं होतं हो." पण दाखवणार काय? पडदा तर कोरा. आपल्या भाटघर धरणाचे आकडे दोनदा गळाले, तेव्हा साहेबांनी बाईंना लेखी ताकीद दिली. आणखी एक चूक झाली की नोकरी जाणार. घरात नवरा अंथरुणाला खिळलेला. दोष माझ्या प्रोग्रॅममध्ये असेल हे मला कळत होतं. पण सापडत नव्हता, म्हणून मी गप्प बसलो.

तू आलास त्या शनिवारी बाईंच्या मागे उभा राहून तासभर नुसता बघत होतास. मग खाली चहाच्या टपरीवर विचारलंस, "कुंडल्या, पान पोचलं म्हून तिकडनं कोन सांगतं?" मी म्हणालो, कोणी नाही. "मग आदीच कागद का फाडता? आमी तर समोरचा मिळालं म्हनंपतुर तार हातातनं सोडत न्हाई. आकडे पुन्ना म्हनून घेतो." एवढं बोललास आणि बशीतला चहा फुर्रकन प्यायलास. तुला ते काही विशेष वाटलं नसावं.

तू गेल्यावर तीन आठवडे मी तेवढंच केलं. आता मोठ्या संगणकानं आकडे परत पाठवून 'मिळालं' म्हटल्याशिवाय पडद्यावरचं पान पुसलं जात नाही. उत्तर नाही आलं, तर पान आपोआप पुन्हा जातं. तेव्हापासून एकही पान हरवलेलं नाही. पहिल्याच आठवड्यात काही पानं दुसऱ्यांदा पाठवली गेली, तेव्हा दिसलं की ती वाटेतच गळत होती, बाईंचा काडीइतका दोष नव्हता. ताकीद मागे घेतली गेली. माझ्या आईच्या वयाची ती बाई माझ्या पायाशी वाकायला लागली, तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो.

मग बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुठून सुचलं हो तुम्हाला हे?" मी म्हणालो, "सुचलं." एवढा एकच शब्द, सर्जा. त्यावर मला बढती मिळाली, पुण्याच्या पेपरात फोटो आला.

परवा तुझं कार्ड आलं. फोटो कापून तार ऑफिसात भिंतीला लावलायस, येईल त्याला 'ह्यो आमचा कुंडलिक' म्हणून दाखवतोस. तुझ्या प्रश्नाचा त्यात एका अक्षरानंही उल्लेख नाही. ते कार्ड माझ्याच्यानं दुसऱ्यांदा वाचवेना. काल सकाळी साहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "बढतीचा फेरविचार करावा लागेल. तुमच्या मित्राला मी स्वतः पत्र लिहितो." बढतीचं व्हायचं ते होवो. त्यांचं पत्र येण्याआधी माझा खोटेपणा तुला माझ्याच हातून कळावा, म्हणून हे लिहिलं. अठ्ठावीस तारखेला, रविवारी, दुपारच्या एस.टी.नं कापूरहोळच्या फाट्यावर उतरतोय. सायकल घेऊन आलास तर डबलसीट जाऊ. नाही आलास तर भोरपर्यंत चालत येईन. पण येणार.

तुझाच, अजून म्हणवत असेल तर,
कुंडलिक