बोर्ड कोण बघतो?

३ मार्च, सकाळ
दादाचं मनगट मोडलं. रेसमध्ये नाही, बाथरूममध्ये घसरून. तीन वेळचा चॅम्पियन! आई रडतेय, बाबा फोनवर. गाडी रिकामी आहे आणि घरात दुसरा ड्रायव्हर मी आहे, हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

दुपार
मीच आठवण करून दिली. बाबा म्हणाले, तू तर बोर्ड धरतोस. हो, धरतो! आठ वर्षं ट्रॅकच्या भिंतीपाशी उभा राहून, दादा समोरून जाताना तो कितवा आहे आणि किती फेऱ्या उरल्या, ते मी दाखवतो. एकदाही आकडा चुकला नाही, एकदाही बोर्ड तिरका झाला नाही. पण म्हणे ते ड्रायव्हिंग नव्हे.

५ मार्च
टीमच्या इंजिनिअरकाकांनी माझी चाचणी ठरवली. रविवारी, वीस फेऱ्या. दादाच्या वेळेपेक्षा दोन सेकंदांहून जास्त मागे पडलो नाही, तर पुढच्या तीन रेस माझ्या. दादानेच शब्द टाकला, असं कळलं. उपकार करायची भारी हौस.
शोकेसमध्ये सगळे कप त्याचे. माझा एकच, लहानपणचा, ‘सहभागाबद्दल’. त्यात आई सेफ्टी पिना ठेवते. निश्चय: पहिली रेस जिंकली की त्या पिना बाहेर.

७ मार्च
दादाची सीट त्याच्या अंगाच्या मापाने ओतलेली. मला सैल. मेकॅनिक म्हणाला, घरून उशी आण. अख्खं गॅरेज हसलं. कोण कोण हसलं, ते लिहून ठेवलं आहे.
दादा कुठे ब्रेक मारतो, ते सगळं वहीत आहे. पुन्हा पाठ केलं. दोनदा.

८ मार्च, संध्याकाळी ६
चार सेकंद मागे. कारण दादा. शंभर टक्के दादा!
बोर्ड धरायला तोच उभा राहिला, एक हात प्लास्टरमध्ये. बोर्ड इतका तिरका की वाचायला वेग कमी करावा लागला. काकांनी गाडीच्या वेगाची कागदावर उमटलेली रेघ दाखवली. वळणांवर मी दादाच्या तोडीस तोड. आणि सरळ पट्ट्यावर, जिथे पाय दाबून ठेवायचा, तिथे भिंतीपाशी मी ॲक्सिलरेटर सोडलेला. वीसच्या वीस वेळा. काका म्हणाले, अरे बाबा, सरळ रस्त्यावर कोण रेंगाळतं? मी म्हणालो, बोर्ड वाचायला नको? त्यांनी विचारलं, मग काय लिहिलं होतं? सांगावंच लागलं. पहिल्या दोन फेऱ्या आकडे होते. तिसरीपासून दादाने खडूने लिहिलं होतं, ‘इकडे बघू नकोस.’
या वेळी कोणी हसलं नाही. त्याचा जास्त राग आला.

९ मार्च
गाडी एका एकोणीस वर्षांच्या मुलीला दिली. दादा समजूत घालायला खोलीत आला. म्हणाला, मीसुद्धा बोर्ड वाचत नाही रे, कानात रेडिओ असतो, काका सगळं सांगतात. तू उभा दिसलास की मला पुरे.
आठ वर्षं! मी दार आपटलं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, वारा सुटलाय का?

१० मार्च
राजीनामा लिहिला. तीनदा शुद्ध करून. द्यायला गेलो तर काका जेवायला गेलेले. खिशातच आहे.

१८ एप्रिल
उद्या दादा परत गाडीत बसणार. राजीनामा धुण्यात गेला. ठीक आहे. उद्या बोर्ड कोरा धरणार. एकही आकडा लावणार नाही. रेसच्या मध्यात सगळे ओरडत भिंतीकडे धावत येतील, तेव्हा कळेल माझी किंमत.

१९ एप्रिल, संध्याकाळी ७
कोरा धरला. बत्तीस फेऱ्या. कोणीही आलं नाही.
दादा पहिला आला. हेल्मेट काढून थेट माझ्याकडे आला, खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, आज बोर्ड अगदी सरळ होता हं.